भोंडल्याला निवृत्त करणाऱ्यांना उत्तर

दिल्ली आणि आसपासच्या मराठी घरांत एक मत आता इतके रुळले आहे की ते कुणी वाद घालून मांडतही नाही. नोएडा, गुरुग्राम किंवा द्वारकेत वाढणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाला भोंडल्याची, भुलाबाईची, वासुदेवाची गाणी देऊन करायचे काय? त्याला त्यातले शब्द कळत नाहीत. सासुरवास, जाते, परसातली विहीर यांतले काहीच त्याने पाहिलेले नाही. प्लेस्कूलमध्ये इंग्रजी ऱ्हाइम्स आहेत, घरी यूट्यूब आहे, आणि सहा-सात वर्षांचा झाला की कीबोर्डचा नाहीतर शास्त्रीय गायनाचा क्लास लावायचाच आहे. लोकगीतांचे म्हणाल तर नवरात्रात मंडळाचा भोंडला असतो, तेवढे पुरे.

असे म्हणणारे आईबाप मुलांची काळजी वाहणारेच असतात. नोकरीसाठी गावापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर आलेले, हिंदी-इंग्रजीच्या रेट्यात मुलांचे मराठी टिकवण्यासाठी धडपडणारे. त्यांचे आक्षेप झटकून टाकता येणार नाहीत, एकेक घेऊन तपासावे लागतील. पण हे मत चुकीचे आहे, आणि त्याची किंमत मोजते ते शाळेच्या वयाआधीचे मूल, ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

आधी शब्दांचे बघू. तीन वर्षांच्या मुलाला गाण्यातला प्रत्येक शब्द कळला पाहिजे ही अट इतर गाण्यांना कुणी लावत नाही. गुरुग्रामच्या प्लेस्कूलमधले मूल लंडनचा पूल कोसळल्याचे गाणे म्हणते, कुणा मॅकडोनाल्डच्या शेतावरच्या जनावरांचे आवाज काढते. तो पूल त्याने पाहिलेला नाही आणि ते शेतही नाही. तरी गाणे त्याच्या अंगात बसते, कारण या वयात मूल आधी नाद उचलते, ताल उचलते, फिरून फिरून येणारे पालुपद उचलते. अर्थ मागाहून येतो, आणि तो कुणाला तरी विचारून येतो. जाते म्हणजे काय हे विचारणाऱ्या मुलाला आजीने उत्तर द्यावे यात अडचण कसली आहे? ती तर बोलण्याला मिळालेली संधी आहे.

शिवाय आपण ज्यांना आजची बालगीते म्हणतो त्यांचा उगम तपासून पाहावा. ‘ट्विंकल ट्विंकल’चे शब्द जेन टेलर या इंग्रज कवयित्रीचे, १८०६ सालचे. चाल त्याहून जुनी, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लोकांच्या तोंडी असलेल्या एका गाण्याची. मोत्सार्टने त्याच चालीवर पियानोसाठी बारा रूपे रचली. यूट्यूबवर नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वाधिक पाहिली गेलेली चित्रफीत ठरलेले ‘बेबी शार्क’ हे अमेरिकेतल्या मुलांच्या शिबिरांत हातवारे करत म्हटल्या जाणाऱ्या, कुणा एकाच्या नावावर नसलेल्या गाण्यावर बेतलेले आहे. दक्षिण कोरियातल्या एका कंपनीने त्याला रंग चढवला आणि जगभर पाठवले. म्हणजे दिल्लीतले मराठी मूल आजही लोकगीतांवरच वाढते आहे. प्रश्न इतकाच उरतो की ती गाणी कुणाची असावीत, आणि ती त्याच्याबरोबर कोण म्हणणार: शेजारी बसलेले माणूस की पडदा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की पहिल्या वर्षात मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते चार या वयात दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही साधारण तोच आहे. ही सूचना मान्य असेल तर उरलेला दिवस कशाने भरायचा याचे उत्तर द्यावे लागते.

आता गाण्यांच्या घडणीकडे यावे, कारण खरा मुद्दा तिथे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

घाटावर सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, हादगा बसतो आणि सोळा दिवस चालतो. पुण्याकडे त्यालाच भोंडला म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी तो नवरात्राच्या नऊ दिवसांवर आला आहे. खानदेश-विदर्भात भुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेला येते आणि कोजागिरीला जाते. पाटावर हत्तीचे चित्र काढायचे, त्याभोवती हात धरून फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असे करत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतीही तशाच वाढत जातात, आणि झाकल्या डब्यात काय आहे ते मुलींनी ओळखायचे असते. पहिल्या दिवसाचे गाणे अशा रीतीने सोळा वेळा म्हटले जाते. दहाव्या दिवसाचे सात वेळा. टप्प्याटप्प्याने वाढणारी उजळणी म्हणून बालशिक्षणाच्या पुस्तकांत जे शिकवतात ते या खेळात कुणीही न शिकवता आहे. चार वर्षांची मुलगी फेरात नुसता हात धरून चालते, सहा वर्षांची पालुपद उचलते, दहा वर्षांची गाणे सांगते. तिघी एकाच फेरात असतात. बाहेर बसून बघणारे कुणी नसते.

चालीही तशाच. भोंडल्याची बहुतेक गाणी चार-पाच सुरांच्या आत फिरतात आणि कोवळ्या गळ्याला तेवढेच पेलते. तार सप्तकात जाणारे सिनेमातले गाणे पाच वर्षांचे मूल ओरडून म्हणते, कारण त्याला तिथे पोचताच येत नाही. कारल्याच्या वेलाच्या गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू एकेक अट घालत जाते: आधी बी पेर, मग वेल येऊ दे, मग कारले लागू दे, मग भाजी कर. प्रत्येक फेरीला एक पायरी वाढते. मूल क्रम लक्षात ठेवते, पुढची अट आधीच ओळखते आणि ओळखली म्हणून खूश होते. या वयाच्या मुलाला क्रम, कारण आणि प्रतीक्षा शिकवायला याहून नेटके साधन कुणी बनवलेले असेल तर ते दाखवावे.

ही नुसती भावनेची बाजू नाही. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधकांनी २००५ साली दाखवले की सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकी बाळांना बाल्कन प्रदेशातल्या विषम मात्रांच्या तालात झालेला बदल ओळखता येतो, त्याच देशातल्या प्रौढांना येत नाही. वर्षाच्या बाळाची ही जाण ओसरू लागलेली असते, पण घरी थोडे दिवस ते संगीत ऐकवले तर ती परत येते. प्रौढांची तेवढ्याने येत नाही. कानाची दारे फार लवकर मिटू लागतात. ‘सातव्या वर्षी क्लास लावू’ म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष नजरेआड करू नये. लाइपझिगमध्ये सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २०१० साली चार वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली मुले, तसाच खेळ गाण्याविना खेळलेल्या मुलांपेक्षा, नंतर एकमेकांना जास्त मदत करताना आढळली. फेर धरून गाण्याचे मोल आपल्या बायकांना ठाऊक होतेच. ज्यांना पुराव्याशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी पुरावाही आहे.

उलट बाजूचा पुरावा किती तकलादू आहे तेही बघावे. बाळाला मोत्सार्ट ऐकवला की बुद्धी वाढते, ही समजूत दिल्लीतल्या महागड्या प्लेस्कूलांच्या जाहिरातींपर्यंत पोचली आहे. ती ज्या अभ्यासावरून पसरली तो १९९३ साली ‘नेचर’मध्ये आला, कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवर केलेला होता आणि त्यात दिसलेला परिणाम पाव तासाच्या आत ओसरला होता. त्यात एकही बाळ नव्हते. तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका द्यावी म्हणून तरतूद मागितली. मोत्सार्टचे संगीत थोर आहे. ते थोर आहे म्हणून ऐकवावे, बुद्धीचे टॉनिक म्हणून नव्हे.

‘मग थेट शास्त्रीयच शिकवू’ म्हणणाऱ्यांना आपल्याच परंपरेतून उत्तर मिळते. क्षयाने अंथरुणाला खिळलेले कुमार गंधर्व देवासला राहिले, माळव्याची लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली, आणि त्या धुनांतून त्यांनी नवे राग उभे केले. रागाचे मूळ लोकधुनेत आहे हे त्यांनी गाऊन दाखवले आणि ‘अनूपरागविलास’मध्ये नोंदवून ठेवले. हंगेरीत झोल्टान कोडाय आणि बेला बार्टोक विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यापाड्यांत लोकगीते गोळा करत हिंडले. पुढे कोडायने संगीतशिक्षणाची सगळी पद्धत त्या गाण्यांवर उभारली. मुलाने आधी आपल्या बोलीतली लोकगीते गावीत आणि मग वाद्याला हात लावावा, असा त्याचा आग्रह होता. १९५० साली केच्केमेत गावात त्या विचाराची शाळा निघाली, आणि ती पद्धत आज जगभर अभिजात संगीत शिकवणारे लोक वापरतात. आपल्याकडे अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीताला कलासंगीताची कच्ची पायरी न मानता स्वतंत्र कोटी मानले आणि त्याचे शास्त्र मराठीत लिहिले. लोकसंगीत म्हणजे ज्यांना शास्त्रीय जमत नाही त्यांची सोय, हा समज दोन्हीकडच्या जाणकारांनी केव्हाच मोडीत काढलेला आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप सासुरवासाचा आहे. सुनेला छळणारी सासू, माहेरी जाऊ न देणारे घर, नवऱ्याचा मार, हे सारे या गाण्यांत आहे. आजच्या मुलीच्या कानी ते का घालावे, असे आया विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. काही गाणी लहान मुलांसमोर म्हणू नयेत हे मान्यच करावे. पण सगळा भोंडला त्यापायी बाद करणाऱ्यांनी ही गाणी कुणी रचली आणि कुणी गायली हे ध्यानात घ्यावे. ती बायकांनी आणि मुलींनी, पुरुष नसलेल्या फेरात गायली. वेड्या नवऱ्याच्या गाण्यात बायकोने केलेला प्रत्येक पदार्थ नवऱ्याला भलताच काही वाटतो आणि तो त्याचे भलतेच काही करतो. फेरातल्या मुली त्याला पोटभर हसतात. ज्या घरात नवऱ्याचे नाव घेण्याची चोरी होती त्या घराच्या अंगणात मुली मोठ्याने त्याची टिंगल करत होत्या. हे गाणे मुलीला दबून राहायला शिकवते असे कसे म्हणावे?

याचे सविस्तर उत्तर ज्यांनी आयुष्यभर शोधले त्या दिल्लीतच येऊन गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, १९५४ नंतर प्रथमच दिल्लीत. त्याच्या अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर होत्या. बायकांच्या ओव्या, खेळ आणि कहाण्यांत त्यांचा स्वतःचा आवाज कसा उमटतो हे ‘लोकसंचित’, ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’ यांसारख्या पुस्तकांतून त्यांनी दाखवले आहे. आजवर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सहा स्त्रियांना मिळाले. त्यांतल्या दुर्गा भागवत, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर या तिघी लोकसाहित्याच्या अभ्यासक. हा योगायोग मानायचा असेल तर मानावा. मराठीतल्या विचार करणाऱ्या बायकांना या गाण्यांत आपली बाजू दिसली, असाही त्याचा अर्थ होतो, आणि तो जास्त खरा वाटतो. संमेलनासाठी दिल्लीतले मराठी लोक मोठ्या हौसेने जमले होते. त्या हौसेतली थोडी अध्यक्षांच्या विषयालाही मिळायला हवी.

आणखी एक आक्षेप उलट्या दिशेने येतो, शुद्धतावाद्यांकडून. त्यांचे म्हणणे असे की लोकगीत मातीतले असते. ते बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणले की त्याची शोभेची वस्तू होते, त्यापेक्षा न आणलेले बरे. याला इतिहासच उत्तर देतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी नेलेल्या मराठी माणसांनी जाखडी बरोबर नेली, आणि उसाच्या मळ्यांवर ती ‘झाकरी’ या नावाने जगली. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायली स्त्रियांनी मराठी कीर्तनगीते तिकडे गायली. त्यांना जे हिंदी महासागर आणि अरबी समुद्र ओलांडून जमले ते आपल्याला राजधानी एक्सप्रेसने येऊन जमत नाही, हे पटण्याजोगे नाही.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी अमेरिकेतल्या ब्लूग्रासचाही विचार करावा. अपलाचियाच्या डोंगरांतले अस्सल जुने संगीत म्हणून ते ओळखले जाते. प्रत्यक्षात बिल मन्रोने आपले ‘ब्लू ग्रास बॉइज’ पथक १९३९च्या सुमारास रेडिओवर आणले आणि १९४५ साली अर्ल स्क्रग्जचा बँजो त्यात आल्यावर आजचे रूप ठरले. बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आलेला, फिड्ल युरोपातून. परंपरा चालू असते तेव्हा अशीच नवे घेत चालते. आपल्या भारुडात आणि भजनात युरोपातून आलेली पेटी वाजतेच की. त्याच डोंगरात, नॉर्थ कॅरोलायनातल्या स्पार्टा या छोट्या गावी, हेलन व्हाइट या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी २००० साली मुलांना शाळा सुटल्यावर फिड्ल, बँजो आणि गिटार शिकवायला सुरुवात केली. स्वरलिपी आधी नाही, कानाने ऐकून वाजवायचे, जसे गावातले म्हातारे शिकले तसे. तो उपक्रम आता अनेक राज्यांतल्या शाळांत चालतो.

दिल्लीसाठी सर्वांत जवळचे उदाहरण मात्र अमेरिकेच्या राजधानीचे आहे. रूथ क्रॉफर्ड सीगर ही नव्या धाटणीचे अवघड संगीत रचणारी संगीतकार होती, १९३० साली रचनेसाठी गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली स्त्री. वॉशिंग्टनला राहायला आल्यावर ती तिथल्या काँग्रेस ग्रंथालयात जमवलेल्या लोकगीतांच्या तबकड्या ऐकून त्यांची स्वरलिपी करू लागली. तिच्या मुली राजधानीच्या उपनगरात, सिल्व्हर स्प्रिंगमध्ये, आईबापांनी मिळून चालवलेल्या एका बालवाडीत जात. ती गाणी तिने त्या बालवाडीत नेली, मुलांबरोबर म्हटली, मुलांना शब्द बदलू दिले, नावे घालू दिली, त्यांवर उड्या मारू दिल्या. त्यातून १९४८ साली ‘अमेरिकन फोक साँग्ज फॉर चिल्ड्रन’ हे पुस्तक झाले आणि ते आजही वापरात आहे. त्या घरात वाढलेल्या माइक सीगरने पुढे ब्लूग्रासच्या ध्वनिमुद्रणांचे मोठे काम केले. खेड्यातले गाणे, राजधानीतला संग्रह आणि उपनगरातली बालवाडी असा हा प्रवास आहे. मध्ये एक आई आहे, जिने त्या तबकड्या कपाटात राहू दिल्या नाहीत.

असा संग्रह दिल्लीच्या परिसरातही आहे. गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे लोकसंगीत आणि अन्य संगीताचे अभिलेखागार आहे. ते १९८२ साली सुरू झाले ते पुण्यात, मग दिल्लीला आले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी मावळ-मुळशीपासून महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने केलेली त्यांची ध्वनिमुद्रणे या संग्रहाकडे सोपवलेली आहेत. म्हणजे जात्यावर दळताना बाळाला मांडीवर घेऊन गायलेल्या बायकांचे आवाज गुरुग्राममध्ये जपलेले आहेत, आणि त्याच शहरात वाढणाऱ्या मराठी मुलाला एकही ओवी येत नाही. या ओव्यांचा मोठा भाग ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे गाण्यांची पुस्तकांमागून पुस्तके काढली. त्या राज्यसभेच्या सदस्य म्हणून दिल्लीतही वावरल्या. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ घरोघरी होते. सामग्री कमी आहे ही सबब कुणी सांगू नये. कमी पडली आहेत ती गाणारी माणसे.

दिल्लीचे स्वतःचे लोकसंगीतही आपण मुलांपासून तोडले आहे. हरियाणातल्या आणि दिल्लीच्या जुन्या गावांतल्या मुली नवरात्रात भिंतीवर माती आणि शेणाची सांझी मांडतात, रोज संध्याकाळी तिच्यासमोर गाणी म्हणतात आणि शेवटी तिला पाण्यात सोडतात. आग्रा-इटावा भागात दसऱ्यापासून शरद पौर्णिमेपर्यंत मुले तीन काड्यांवर उभा केलेला टेसू घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात, मुली झेंझी घेऊन. म्हणजे आपल्या भुलाबाईच्या आणि हादग्याच्याच दिवसांत, त्याच आश्विनात, शेजारच्या पोरीही मातीची देवी मांडून गात असतात. नोएडाच्या एकाच सोसायटीत या सगळ्या प्रदेशांतली कुटुंबे राहतात. भोंडला आणि सांझी एका अंगणात व्हायला हरकत कुणाची आहे? मराठी लोकगीत मुलाला दिल्लीपासून तोडील अशी भीती घेणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावे. ते गाणे मुलाला दिल्लीत जास्त मुरवील.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. पांढरपेशा मराठी घरांना भोंडला निदान आठवतो. हलगी, दिमडी, संबळ, तुणतुणे मात्र मुलांच्या हाती द्यावे असे त्यांच्या मनातही येत नाही. ही वाद्ये ज्यांनी वाजवली त्या गोंधळी, पोतराज, मांग आणि कोल्हाटी समाजांकडे ज्या नजरेने पाहिले गेले ती नजर अजून निवळलेली नाही. मुलाच्या वाढदिवसाला घरात युकुलेले येते, हलगी येत नाही, आणि याचे कारण संगीताचे नाही. विठ्ठल उमप, शाहीर साबळे यांच्यासारख्यांनी या वाद्यांना मोठ्या रंगमंचावर मान मिळवून दिला. आंबेडकरी वस्त्यांत १४ एप्रिलला लहान मुले मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून भीमगीते म्हणतात. त्यांना ती कुणी क्लासमध्ये शिकवलेली नसतात. लोकगीत मुलापर्यंत कसे पोचते याचा वस्तुपाठ हवा असेल तर तो तिथे आहे, आणि पांढरपेशा मराठी समाजाने तो नम्रपणे घ्यावा. दिल्लीनेही आपल्या कलावंतांना काही वेगळे वागवले नाही. शादीपूरची कठपुतळी कॉलनी, जिथे कळसूत्री बाहुलीवाले, ढोलवाले, जादूगार पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, ती पुनर्विकासासाठी २०१७ साली पाडली गेली. मुलांना गाणी शिकवू शकणारी माणसे शहराच्या हाताशी होती. शहराने त्यांच्याकडून मुलांसाठी काही घेतले नाही.

शाळा अभ्यासक्रमाकडे बोट दाखवतात, तेही आता टिकत नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडा तीन ते आठ वयासाठी घरची भाषा, खेळ आणि गाणी यांवरच भर देतात. एनसीईआरटीने पहिलीच्या इंग्रजी पुस्तकाला ‘मृदंग’ आणि हिंदीच्या पुस्तकाला ‘सारंगी’ असे नाव दिले. तिसरीत ‘संतूर’, ‘वीणा’ आणि ‘बाँसुरी’ आहेत. मुखपृष्ठावर वाद्य आले की वर्गात ते वाजायलाही हवे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे केले त्यासाठी कुठल्या धोरणाची वाट पाहिली नव्हती. महागड्या माँटेसोरी साहित्याच्या जागी त्यांनी शिंपले, पाने, बिया आणल्या, आणि परिसरातली गाणी-गोष्टी बालवाडीत आणल्या. अंगणवाडी त्यातून जन्मली. दिल्लीतल्या प्लेस्कूलांची फी पाहता त्यांना एक दिमडी आणि एक गाणारी आजी परवडू नये असे नाही.

राहिला मंडळांचा प्रश्न. वर्षातली एक संध्याकाळ, ध्वनिक्षेपकावर लावलेली गाणी, त्यावर नऊवारी नेसून बसवलेला नाच आणि समोर मोबाइल उंचावलेले आईबाप, याला भोंडला म्हणता येत नाही. त्यात मुले बघायला बसतात आणि फेर मोडतो. पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, कस्तुरबा गांधी मार्गावर नवे महाराष्ट्र सदन आहे. या वास्तूंत महिन्यातून एक सकाळ सात वर्षांखालच्या मुलांसाठी राखावी. रंगमंच नको, पारितोषिक नको, नाच बसवणारे सर नकोत. चार आज्या, एक ढोलकीवाला, जमिनीवर सतरंजी. शक्य झाले तर सांझीची गाणी येणारी शेजारची एखादी बाई बोलवावी आणि तिला मानधन द्यावे.

घरात तर एवढेही लागत नाही. हादग्याच्या सोळा गाण्यांतली चार आईला अर्धीमुर्धी येत असतात, उरलेली आजीला फोन करून विचारता येतात. आवाज चांगला नाही, ही अडचण मुलाला कधीच नसते. येत्या हस्तात, पहिल्या दिवशी एकच गाणे, बाबाने, आजोबांनी आणि मुलग्यांनीही फेरात येऊन, कोणतेही यंत्र न लावता स्वतःच्या तोंडाने म्हणावे, एवढी दिल्लीतल्या मराठी आईबापांना विनंती आहे.